सेलबर्नचा गाळलेला अर्धा भाग

गिल्बर्ट व्हाइटचे सेलबर्नवरचे १७८९चे पुस्तक विकत घ्याल, तेव्हा एक गोष्ट आधी तपासा. मूळ नावात ‘नॅचरल हिस्टरी’च्या जोडीला ‘अँटिक्विटीज’ही आहे. म्हणजे निसर्ग आणि गावचा पूर्वेतिहास. पुढच्या कित्येक आवृत्त्यांनी हा दुसरा भाग कंटाळवाणा म्हणून सरळ गाळला. माझ्या मते इथेच वाचकाची फसगत होते.

सेलबर्न हे हॅम्पशरमधले खेडे. व्हाइट इथेच जन्मला आणि १७९३ मध्ये इथेच वारला. गावामागची खडूची टेकडी, तिच्यावरचे बीचचे रान आणि शेजारच्या एकाच डोंगरातून निघून दोन वेगळ्या समुद्रांना मिळणारे दोन ओढे, हे सगळे तो सुरुवातीलाच दाखवतो. दिसायला जवळजवळ सारखे तीन छोटे पक्षी त्याने आवाजावरून वेगळे ओळखले. हे कान आजही थक्क करतात.

माणसांकडे मात्र तो थोडा लांबूनच पाहतो. १७८३ ची गावची लोकसंख्या देतो, ६७६. गरीब पुष्कळ आहेत, असेही सांगतो. लव्हाळ्याच्या गाभ्याला चरबी लावून केलेल्या वातींनी गरिबाला पाव पेनीत साडेपाच तास उजेड मिळतो, हा त्याचा हिशेब चोख आहे. पण पाव पेनीचीही काळजी का करावी लागते, हे तो विचारत नाही. त्याच्यानंतर ३७ वर्षांनी, १८३० मध्ये, याच गावच्या मजुरांनी अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसवर हल्ला केला आणि चर्चचा दशांश कमी करायला लावला.

उत्तराचा धागा गाळलेल्या भागात आहे. १२३३ मध्ये इथे मठ स्थापन झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो मोडून त्याची मालमत्ता ऑक्सफर्डच्या मॅग्डलेन कॉलेजकडे गेली. गावची जहागिरी आणि पाद्री नेमण्याचा हक्क त्याच कॉलेजचा. व्हाइट शिकला ओरिएल कॉलेजात, म्हणून स्वतःच्या गावचा मुख्य पाद्री तो कधीच होऊ शकला नाही, साहाय्यकच राहिला. पक्ष्यांचा हा जाणकारही जमिनीच्या मालकीत अडकलेला होता.

आपणही इथल्या खेड्यांत जातो, झाडे पाहतो, चहा पितो, परततो. पुढच्या वेळी एवढे विचारा: ही जमीन कोणाची होती? आणि पुस्तक घ्याल तर पूर्ण घ्या.