‘अ.पा.क.’ : अधिकार अभिलेखातील एका संक्षेपाची चिकित्सा

चाकण औद्योगिक क्षेत्राच्या परिसरातील महाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशा गावांचे सातबारा उतारे चाळणाऱ्यास एक संक्षेप नित्य भेटतो : ‘अ.पा.क.’, म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’. खातेदार निवर्तला की फेरफाराने वारसांची नावे चढतात. त्यांत अठरा वर्षांखालील मूल असेल तर त्याच्या नावापुढे हा शेरा पडतो व त्यामागे बहुधा ‘आई’ हा शब्द येतो. जमिनीत बाजरी-कांदा पिकत होता तोवर हा शेरा निद्रिस्त राहिला. कारखान्यांपाठोपाठ जमिनीचे गिऱ्हाईक दारी आले, तेव्हा त्याच्या अर्थाला किंमत आली. हा शेरा एका नात्याचे वर्णन करतो. व्यवहारात मात्र तो विक्रीच्या अधिकाराची सनद म्हणून वाचला जातो. वर्णन आणि अधिकारदान यांची ही गल्लत केवळ भाषिक नाही. तिच्यापायी मुलांच्या जमिनी जातात आणि खरेदीदारांचे पैसे बुडतात.

‘पालनकर्ता’ या शब्दाची घटना पाहावी. ‘पालन’ म्हणजे सांभाळणे. त्यात ‘विकणे’ कोठेच अंतर्भूत नाही. कायदाही शब्दाच्याच बाजूचा आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ८ अन्वये स्वाभाविक पालकाने न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मिळकत विकू नये, गहाण टाकू नये, बक्षीस देऊ नये वा अदलाबदलीत देऊ नये. पाच वर्षांहून अधिक, किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षापलीकडे जाणारा भाडेपट्टाही करू नये. परवानगी द्यायची ती गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसेल तरच. मिळकत ज्या हद्दीत असेल तेथील जिल्हा न्यायालयाकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. औद्योगिक क्षेत्रासाठी शासनाने सक्तीने केलेले संपादन या बंधनात बसत नाही, कारण तेथे पालक विकीत नसून शासन घेत असते. खाजगी खरेदीखताची गोष्ट निराळी.

आता हा एकच संक्षेप तीन घरांत ठेवून पाहावा. हिंदू आईने मुलाची स्वतंत्र मिळकत परवानगीवाचून विकली, तर ती विक्री मुलाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारी ठरते. चुलता केवळ सांभाळ करतो म्हणून पालनकर्ता लागला असेल, तर त्याच अधिनियमाचे कलम ११ त्याला मिळकतीची विल्हेवाट लावण्याचा अधिकारच नाकारते. मुस्लिम कुटुंबात आई पालनकर्ती असली, तरी प्रिव्ही कौन्सिलच्या १९१८ च्या निर्णयापासून तिने स्वतःच्या अधिकारात केलेली स्थावराची विक्री मुळातच शून्य मानली जाते. अक्षरे तीच, परिणाम निरनिराळे. संज्ञेचे पहिले काम भेद दाखविणे हे होय. ही संज्ञा भेद झाकते.

अभिलेखाची परिभाषा सर्वस्वी दरिद्री आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’, असा दुसरा शेरा तिच्यात आहेच. (‘मॅनेजर’ या इंग्रजी शब्दाने ‘कर्ता’ या सरळ शब्दाला हुसकावून लावावे, ही महसुली मराठीची जुनी खोड.) हा भेद कायद्याशी जुळणारा आहे. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीतील मुलाच्या हिश्शाला कलम ८ लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. तेथे कर्त्याच्या विक्रीची कसोटी कौटुंबिक गरज ही असते. परंतु वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत वारसाने आलेला मुलाचा हिस्सा त्याचा स्वतःचा असतो. एखाद्या शेऱ्यामागे यांपैकी कोणती परिस्थिती आहे हे शेरा सांगत नाही, आणि दस्तलेखक क्वचितच विचारतो.

दस्तलेखकाची हातोटी खरेदीखतात दिसते. ‘अज्ञानाचे हिताकरिता व कुटुंबाचे गरजेकरिता’ या ठशाच्या वाक्यांशावाचून असे खत सहसा पुरे होत नाही. गरज आणि फायदा या ज्या दोन गोष्टी न्यायाधीशाने आधी तपासून ठरवायच्या, त्या येथे विकणाराच स्वतःच्या तोंडाने जाहीर करतो. कायद्याचे शब्द खतात उतरतात, कायद्याची कृती तेवढी बाहेर राहते. नोंदणीने हे वैगुण्य भरून निघत नाही.

विक्रीच्या परिणामाची परिभाषाही तपासण्याजोगी आहे. मुळातच निरर्थक ते ‘शून्य’ आणि एका पक्षाच्या इच्छेने रद्द होऊ शकणारे ते ‘शून्यकरणीय’, असा भेद संस्कृतनिष्ठ परिभाषा करते. परंतु ‘अनीय’ प्रत्ययात ‘योग्य’ या अर्थाबरोबर कर्तव्याचीही छटा आहे. ‘करणीय’ म्हणजे जे करावयास हवे ते. मुलाला असलेली मुभा या शब्दातून नीट उमटत नाही. बोलीत तर दोन्हींना ‘रद्द’ हा एकच शब्द. ‘व्यवहार रद्दच आहे’ असे ऐकून वाढलेला मुलगा स्वस्थ बसतो. इकडे मुदत कायदा, १९६३ याच्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासूनची तीन वर्षे निघून जातात आणि रद्द होऊ शकणारी विक्री पक्की होऊन बसते. दावणगेरे येथील भूखंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले, की प्रत्येक वेळी दावाच लावला पाहिजे असे नाही. सज्ञान झाल्यावर मुदतीत केलेल्या निःसंदिग्ध वर्तनानेही विक्री नाकारता येते. तेथे वडिलांनी मुलांच्या नावे घेतलेले भूखंड परवानगीवाचून विकले होते, आणि मुलांनी मोठेपणी तेच भूखंड दुसऱ्यास विकले. पिंपरी-चिंचवडमध्ये मुलाच्या नावे सदनिका घेणाऱ्या पित्याने हे लक्षात घ्यावे : पैसे त्याचे असले, तरी नाव मुलाचे लागल्यावर तोही केवळ पालकच.

मूल अठरा वर्षांचे झाले की ‘अ.पा.क. शेरा कमी करणे’ असा अर्ज करता येतो. नाव मोठे अर्थपूर्ण आहे : अभिलेखाच्या दृष्टीने ही केवळ साफसफाई, मुलाच्या दृष्टीने मात्र तीन वर्षांची मुदत सज्ञान होण्याच्या दिवसापासूनच धावू लागलेली असते. शेऱ्यात सामान्यतः जन्मतारीख नसते, पालकत्वाचा प्रकारही नसतो. ‘अ.पा.क. आई, स्वाभाविक पालक, अज्ञानाचा जन्म अमुक साली’ एवढा विस्तार केला तर उताऱ्याची एक ओळ वाढेल. खरेदीदाराला न्यायालयाची परवानगी मागण्याचे आणि मुलाला आपली मुदत मोजण्याचे साधन त्याच ओळीत मिळेल.