एककाचा प्रश्न : 'आर' भाषेच्या दोन प्रवेशग्रंथांविषयी

'आर' ही संगणकभाषा मुळात संख्याशास्त्राची. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतरच्या दशकात ती घडविली. तिचा पूर्वज म्हणजे बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ पासून सिद्ध केलेली 'एस' ही भाषा. हाराल्ड बायेन यांचा २००८ चा आणि श्टेफान ग्रीस यांचा २००९ चा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून भाषाविज्ञानातही तिचा वावर वाढला, आणि आज मराठी सामग्रीवर काम करणारा संशोधक विद्यार्थी शब्दांची वारंवारता काढण्यासाठी तिच्याकडे वळतो. तिची मूलतत्त्वे तो कोणत्या ग्रंथांतून शिकतो, आणि ते ग्रंथ त्याच्या गरजेला कितपत पुरे पडतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला ग्रंथ व्हेनबल्स आणि स्मिथ यांचा 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू आर'. तो आरबरोबरच मिळतो. त्याची मांडणी व्याकरणकाराची आहे : प्रथम सदिश, मग वस्तू व त्यांचे गुणधर्म, नंतर सारण्या, याद्या, डेटा फ्रेम, आणि बऱ्याच पुढे फंक्शनचे लेखन व आलेख. आरमध्ये सुटी संख्या अशी नाहीच. एकटी संख्या हाही एका घटकाचा सदिशच होय, ही गोष्ट या ग्रंथाच्या क्रमातून आपोआप मनावर ठसते. लहान सदिश मोठ्याच्या लांबीला पुरेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरला जातो, हा नियमही येथे आरंभीच भेटतो. सहा संख्यांत तीन संख्या मिळविल्या तर यंत्र बिनतक्रार उत्तर देते. सहांत चार मिळविल्या तरच ते सावध करते. ज्याला हा नियम ठाऊक नाही, त्याची चूक कधीच उघडकीस येत नाही. ग्रंथाचा दोष असा की त्याचे शब्द मोजके आणि उदाहरणे परक्या व्यवसायातली आहेत. वर्गवारीची संकल्पना तो ऑस्ट्रेलियातील तीस करहिशेबनिसांच्या आधाराने समजावतो. भाषेच्या विद्यार्थ्याचे मन तेथे रमत नाही.

दुसरा ग्रंथ विकम आणि ग्रोलमंड यांचा 'आर फॉर डेटा सायन्स'. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत मीने चेतिनकाया-रुंडेल याही सहलेखिका आहेत. हा ग्रंथ नेमका उलट चालतो. वाचकाच्या हातून पहिल्याच पाठात आलेख काढून घेतला जातो. सदिशांचे प्रकरण पहिल्या आवृत्तीत विसावे आहे. मूल आधी बोलते आणि व्याकरण मागाहून शिकते, हे तत्त्व येथे गृहीत धरलेले दिसते. शिकणाऱ्याचा धीर टिकविण्याच्या दृष्टीने ते यशस्वी आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आता दोहोंची कसोटी आपल्याच परिसरातील एका नावावर घेऊ. नवी मुंबईच्या स्थाननामांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने 'तुर्भे' हा शब्द आरला दिला आणि त्याची लांबी विचारली, तर उत्तर काय यावे? 'लेंग्थ' हे फंक्शन १ असे सांगते. कारण तिच्या दृष्टीने हा एका घटकाचा सदिश आहे. 'एनचार' हे ६ सांगते. कारण ते त, उकार, र, हलन्तचिन्ह, भ आणि एकार हे सहा संकेतांक मोजते. त्याच फंक्शनकडे बाइट मागितल्यास यूटीएफ-८ लेखनात १८ मिळतात. 'स्ट्रिंगआय' या पॅकेजकडे वाचकाला जाणवणारी अक्षरे विचारली, तर ३ किंवा २ हे उत्तर येते; आणि कोणते येईल हे त्याच्याजवळ कोणत्या काळचे नियम आहेत यावर ठरते. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या मानकात १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. जुन्या नियमाने तु, र्, भे असे तीन तुकडे पडतात; नव्या नियमाने तु आणि र्भे अशी दोनच अक्षरे होतात.

येथे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. 'तुर्भे' या शब्दात त्, उ, र्, भ्, ए असे पाच स्वन आहेत आणि अक्षरे दोन. 'एनचार'चे सहा हे उत्तर यांपैकी कशाचेच माप नव्हे. ते लेखनसंकेताचे माप आहे. तरीही 'मराठी शब्दांची सरासरी लांबी' म्हणून हाच आकडा प्रबंधात जाऊ शकतो, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही.

या प्रश्नावर आपले दोन्ही ग्रंथ काय सांगतात? व्हेनबल्स-स्मिथ यांच्या ग्रंथात अक्षरमालांना एक लहानसा परिच्छेद मिळाला आहे. अवतरणचिन्हे, विशेष चिन्हे आणि तुकडे जोडणारे 'पेस्ट' हे फंक्शन यांतच तो संपतो. विकमप्रभृतींचा ग्रंथ अधिक जागरूक आहे. दुसऱ्या आवृत्तीत इंग्रजीतर मजकुरावर स्वतंत्र विभाग असून, जर्मन 'यू'वरील दोन टिंबांचे लेखन दोन प्रकारे होते आणि त्यामुळे लांबी बदलते, हे तेथे दाखविले आहे. चेक भाषेत 'सीएच' हा 'एच'नंतर येणारा स्वतंत्र वर्ण असल्याने शब्दक्रम बदलतो, हेही आहे. आपला 'ळ' अगदी याच जातीचा. वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, संकेतांकांत मात्र 'ल'च्या लगत बसला आहे. म्हणून केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावल्यास कळंबोली कसाऱ्याच्या आधी येते. वर्णमालेने कसारा आधी यावयास हवा. परंतु हे अनुमान वाचकाने स्वतः काढावयाचे असते, आणि नवशिक्याकडून ती अपेक्षा करणे गैर आहे.

यावर असा आक्षेप येईल की, आरंभीच बाइट आणि संकेतांक यांचे अवडंबर माजविले तर विद्यार्थी पळून जाईल. आक्षेप खोटा नाही. परंतु येथे शिकणारे मूल नसून आकड्यांवर निष्कर्ष उभारणारा संशोधक आहे. शिवाय हा पाठ मुळीच लांब नाही. पाच-सहा स्थानके घ्यावीत—ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, नेरुळ—त्यांचा एक सदिश करावा, आणि प्रत्येक फंक्शनला लांबी विचारून उत्तरे शेजारी-शेजारी मांडावीत. सदिश, घटक, फंक्शन आणि त्याला द्यावयाचे पर्याय ही आरची चारही मूलतत्त्वे या एका तासात हाती येतात. त्यानंतर विकम यांचा आलेख खुशाल काढावा.

आमच्या मते मराठी सामग्रीसाठी कोणताही एक ग्रंथ पुरेसा नाही. क्रम पहिल्याचा, उत्साह दुसऱ्याचा आणि उदाहरणे आपली, असा योग साधावा लागेल. तोवर प्रबंध लिहिणाऱ्याने निदान एक वाक्य आवर्जून लिहावे : आपण काय मोजले, आणि आरच्या व पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीने मोजले. 'सेशनइन्फो' हे फंक्शन आवृत्त्यांची माहिती क्षणात देते. काय मोजावयाचे, हे मात्र संशोधकालाच आधी ठरवावे लागते.