गाणारं व्हायोलिन, कुरकुरणारं व्हायोलिन

प्रभाकर जोगांच्या 'गाणारं व्हायोलिन'वर लिहायचा अधिकार खरं म्हणजे जाणकारांचा. पण बरेच जाणकार ते 'सुगम' म्हणून बाजूला सारतात. जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या खुर्चीत जाऊन बसणं हा आम्हा बँकवाल्यांचा स्वभावच. शिवाय बी.कॉम.च्या वर्षी खुंटीला टांगलेलं व्हायोलिन मी ४५व्या वर्षी पुन्हा खाली काढलं आहे. तेव्हा या टीकेला थोडंफार तारण आहे.

जोग १९३२ साली जन्मले, २०२१ साली गेले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं 'गीतरामायण' सुधीर फडके पुढे गावोगाव गायले. त्या कार्यक्रमांना वर्षानुवर्षं साथ जोगांच्या व्हायोलिनची. साथीच्या वाद्याचं नशीब कारकुनाचं. राबायचं त्यानं, सही दुसऱ्याची. जोगांनी मात्र पुढे गायकालाच रजा दिली आणि अख्खं गाणं व्हायोलिनच्या नावावर जमा केलं.

यातली खुबी अशी, की ते नुसती चाल वाजवत नाहीत, शब्द वाजवतात. जोडाक्षर आलं की गज किंचित अडतो, दीर्घ ईकारावर रेंगाळतो, गायक श्वास घेईल तिथेच थांबतो. आम्ही शिकाऊ लोक प्रत्येक सुराला गजाचा एकेक फटकारा देतो. ते गाणं नव्हे, नोटा मोजणं झालं.

तरीही एक आक्षेप नोंदवतो. हे व्हायोलिन निम्मं गातं, उरलेलं निम्मं आपण गातो. शब्द आपल्याला पाठ असतात म्हणून ते 'ऐकू' येतात. माझ्या मुलीनं मूळ गाणी ऐकलेली नाहीत. ती म्हणाली, "छान आहे बाबा, पण हे लग्नात पंगतीच्या वेळी लावतात ना?" म्हणजे ही कला ऐकणाऱ्याच्या आठवणींवर कर्ज काढून चालते, आणि ते कर्ज देणारी खाती एकेक करून बंद होताहेत. पुढच्या पिढीसाठी उरेल तो नुसता सूर. जोगांचा सूर तेवढ्यावरही उभा राहील असं मला वाटतं, पण 'गाणारं' हे विशेषण बहुधा गळेल.

उतारवयाकडे झुकलेल्या विद्यार्थ्याला हीच उधारी धोक्याची. पेटीच्या पट्ट्या सूर तयार देतात. व्हायोलिनला पडदेच नाहीत. बोट केसभर सरकलं की सूर गेला. पण डोक्यात मूळ गाणं चालू असल्यामुळे वाजवणाऱ्याला स्वतःची कुरकुर ऐकूच येत नाही. बँकेतला रुपयाचा फरक संध्याकाळी सापडतो. इथला फरक फक्त शेजाऱ्याला सापडतो.

आमचा शेजारी सातपूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. भला माणूस. परवा जिन्यात भेटला. मी मनातल्या मनात व्हायोलिनचा राजीनामा लिहून तयार होतो. तो म्हणाला, "साहेब, वाजवा खुशाल. पण ते गाणं रोज कडव्याच्या अर्ध्यावर सोडू नका हो. उरलेलं मला म्हणावं लागतं, मग झोप उडते."

माझ्या वाजवण्यातूनही त्याला शब्द ऐकू आले होते तर! जोगांच्या पद्धतीच्या बाजूनं याहून मोठा पुरावा कुठल्याही जाणकाराला देता यायचा नाही. माझा आक्षेप कायम आहे. मात्र सध्या कडवं पुरं करायच्या मागे आहे.