राजू आणि चाळीस चोर : एक परीक्षण

सरकारी वा निमसरकारी कचेऱ्यांच्या पुस्तिकांकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आमच्या टीकाकारांस संवय नाहीं, आणि बहुधा तें बरेंही आहे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयानें २०२२ सालीं काढलेली ‘राजू आणि चाळीस चोर’ ही सचित्र पुस्तिका नांवापासूनच अरबी कथेशीं नातें सांगते. तेव्हां कथा म्हणूनच तिची पारख केल्यास तिच्यावर अन्याय होऊं नये.

तिचा मोठा गुण नेमकेपणा. बनावट कर्ज, नोकरीचें आमिष, खातें बंद पडण्याची धमकी, विकावयास काढलेल्या सामानाचे पैसे देण्याच्या मिषानें पाठविलेला क्यूआर कोड, असे एकेक डाव ती थोडक्यांत उलगडून दाखविते. पैसे घेण्यासाठीं पिन टाकावा लागत नाहीं, तो देण्यासाठीं लागतो, ही गोष्ट कोणीं कितीही वेळां छापली तरी आमची तक्रार नाहीं. ओटीपीलाही या शीर्षकामुळें अनायासें एक अर्थ आला आहे. अलीबाबाच्या कथेंत परवलीचा शब्द चोरांचा असून बाहेरचा माणूस तो लपून ऐकतो. येथें शब्द घरमालकाचा, आणि मालक तो स्वमुखानें चोराला सांगतो.

दोष आहे तो नायकांत. कथेगणिक राजूचा पेशा बदलतो, भोळेपणा मात्र ढळत नाहीं. चोर कोणत्या अधिकारानें बोलला, त्यानें घाई कशी लावली, हें फारसें न कळतां राजू फसला एवढेंच आपणांस कळतें. वाचक हसतो, आपण कांहीं राजू नव्हे असें समाधान मानतो, आणि पान उलटतो. सावध करण्यासाठीं लिहिलेल्या वाङ्मयाचें याहून मोठें अपयश तें कोणतें?

आळेफाट्याचें उदाहरण घेऊं. पुण्याहून नाशिकला जाणारा आणि कल्याणहून माळशेज घाटानें अहिल्यानगरकडे जाणारा, असे दोन महामार्ग येथें एकमेकांस छेदतात. जुन्नर बाजार समितीच्या येथील उपबाजारांत कांदा येतो. तो आणणारा शेतकरी भोळा आहे असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. लिलाव पुकारला जात असतां तो आपल्या मालाशेजारीं उभा असतो, काटा मारला तर ओळखतो, हिशोबपट्टींतील हमाली-तोलाई दोनदां वाचतो, आणि पटलें नाहीं तर भांडतो. मात्र त्याचें हें शहाणपण चारचौघांतलें आहे. फोनवरचा भामटा प्रथम ते चौघेच काढून घेतो : कोणास सांगूं नका, फोन ठेवूं नका. शहरांतील सुशिक्षित पेन्शनरास ‘डिजिटल अटक’ झाल्याचें सांगून तासन् तास कॅमेऱ्यासमोर बसवितात, तोही हाच डाव. अशी अटक भारतीय कायद्यांत मुळींच नाहीं. येथें भोळेपणाचा संबंध थोडा, एकटेपणाचा फार.

आणि यावरचा उपाय मूळ कथेंतच होता. अलीबाबा स्वतःच्या हुशारीनें वाचत नाहीं. त्याची दासी मर्जिना त्याला वाचविते. दारावर चोरानें केलेली खूण तिच्याच नजरेस पडते, व ती तशीच खूण शेजारच्या दारांवर करून टाकते. पुस्तिकेनें चोर चाळीसच्या चाळीस घेतले. मर्जिनाच्या तोडीचें पात्र मात्र उभें केलें नाहीं. ‘असा असा फोन आला आहे’ असें बायकोला, मुलीला किंवा शेजाऱ्याला सांगणारा राजू आम्हांस हवा होता.

हा केवळ रचनेचा दोष असता तर आम्हीं तो सोडून दिला असता. परंतु फसला तो मूर्ख, असा ग्रह झाला कीं फसलेला माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसण्याला येथें किंमत पडते. रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या व तेथून तिसऱ्या खात्यांत पळविली जाते. १९३० या क्रमांकावर तक्रार लवकर पोंचली तर ती वाटेंत अडविली जाण्याचा संभव असतो. ग्राहकाच्या निष्काळजीपणानें तोटा झाला तरी बँकेस कळविल्यानंतर होणारा पुढील तोटा बँकेनें सोसावा, असें रिझर्व्ह बँकेच्याच २०१७ च्या परिपत्रकानें ठरविलें होतें. म्हणजे संकोचांत गेलेली घटका ग्राहकाच्या माथीं. फसल्यानंतरच्या त्या पहिल्या तासाची कथा रंगविण्याचा हक्क या पुस्तिकेइतका दुसऱ्या कोणास होता?

पुढील आवृत्तींत एकेचाळिसावी गोष्ट घालावयाची असेल तर आम्ही आळेफाट्याचा बाजार सुचवूं. कांद्याचे पैसे खात्यावर जमा झाले आहेत, फोनवर कोणी ‘साहेब’ घाई करीत आहेत, आणि पलीकडे कांदा निवडीत बसलेली बाई मान वर करून विचारते आहे, “दादा, कोणाचा फोन?”