परक्याच्या वाहनातून : मराठी प्रवासवर्णनासंबंधी एक विचार

अंगठा दाखविणे या मराठी वाक्प्रचाराचा अर्थ नकार असा आहे. मागणाऱ्याच्या हातावर काही न ठेवता त्याची बोळवण करणे म्हणजे त्याला अंगठा दाखविणे. युरोपातील हमरस्त्यांवर मात्र नेमका हाच अंगठा मागण्याची खूण झाला आहे. रस्त्याच्या कडेला पाठीवर पिशवी घेऊन उभे राहावे, पुठ्ठ्यावर पुढच्या गावाचे नाव लिहून ते हातात धरावे, येणाऱ्या मोटारीला अंगठा दाखवावा आणि कोणी थांबला तर त्याच्या सोबतीने जावे, असा हा प्रवासाचा प्रकार आहे. हिच-हायकिंग हे त्याचे नाव आता आपल्याही कानांवरून गेलेले आहे. आमच्याकडे ट्रकचालकाच्या शेजारी बसून जाणे नवे नाही. पण तेथे बहुधा भाडे ठरते, आणि भाडे ठरले की दोघेही एकमेकांपासून मोकळे होतात. युरोपातील या प्रकारात भाडे नसते, आणि ते नसल्यामुळेच साहित्याच्या दृष्टीने तो विचारात घेण्याजोगा ठरतो.

अशा प्रवासाचे लाभ व धोके यांची यादी करणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या प्रवासात प्रवासी याचक असतो, त्यातून निर्माण होणारे वाङ्मय आणि ज्या प्रवासात तो ग्राहक असतो, त्यातून निर्माण होणारे वाङ्मय यांत मूलतः फरक पडतो काय, आणि पडत असल्यास आपल्या प्रवासवर्णनांच्या मूल्यमापनात त्याला कोणते स्थान द्यावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम लाभाचा विचार करू. तिकीट काढून जाणारा प्रवासी पाहतो. अंगठा दाखवून जाणारा प्रवासी आधी पाहिला जातो. मोटारीचा वेग कमी होतो त्या दोनचार क्षणांत चालक त्याचा चेहरा, कपडे, वय, वर्ण हे सर्व न्याहाळतो आणि निर्णय घेतो. निर्णय अनुकूल झाला की आतल्या प्रवाशाचे एक कर्तव्य सुरू होते. त्याने बोलावयाचे असते. तू कोण, कोठला, घर सोडून इतक्या दूर कशासाठी आलास, या प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावयाची असतात. रात्रभर ट्रक हाकणारा चालक पुष्कळदा झोप येऊ नये म्हणूनच कोणाला तरी शेजारी घेतो. म्हणजे पैशाचे भाडे नसले तरी गोष्टीचे भाडे असतेच. अशा प्रवाशाच्या प्रवासवर्णनाचा पहिला खर्डा कागदावर न उतरता एका अनोळखी श्रोत्यापुढे, त्याच्या शंका घेत आणि त्याचे प्रतिप्रश्न झेलत तयार होतो.

ही देवघेव मराठी वाङ्मयाला अपरिचित आहे असे मात्र नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली मथुरेच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. वैदिकी हेच त्यांचे वाटखर्चाचे साधन होते. तिच्या बळावर त्यांना आसरा मिळाला, झाशीच्या दरबारापर्यंत प्रवेश मिळाला. जे मिळविले ते वाटेत लुटलेही गेले. आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी पोहोचविली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ आज आपण इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. आमच्या मते त्याचे वाङ्मयीन सामर्थ्य वेगळ्या ठिकाणी आहे. या निवेदकाला कोठेही सुरक्षित अंतरावर उभे राहून पाहण्याची सोय नाही. ज्या घरात तो जेवला, ते घर जळताना त्याला पाहावे लागते. यजमानाचे दैव हेच त्याचेही दैव होते.

बडोद्याच्या वाचकाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने येथे चाललेले गंगनाथ विद्यालय सरकारच्या वक्रदृष्टीमुळे बंद पडले, आणि त्या शाळेतील सातारचे एक तरुण शिक्षक १९१२ च्या सुमारास हिमालयाच्या वाटेला लागले. ते काका कालेलकर. स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्या संगतीत, पायी, धर्मशाळा व सदावर्ते यांच्या आधाराने झालेल्या त्या भ्रमंतीतून ‘हिमालयनो प्रवास’ हा ग्रंथ सिद्ध झाला व १९२४ साली प्रसिद्ध झाला. तो गुजरातीत लिहिला गेला. मराठी मातृभाषेच्या लेखकाचे हे पुस्तक गुजराती गद्याचे भूषण ठरले, याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परक्याच्या दारी राहिलेल्या लेखकाने परक्याची भाषा आपली करावी हे त्या प्रवासाच्या वृत्तीला धरूनच झाले. याच शहरात वाढलेले विनायक नरहर भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतेला उतरून काशीला गेले, हेही येथे आठवते. पुढे विनोबा म्हणून जगाला ज्ञात झालेल्या याच पुरुषाने, १९६२ साली अण्वस्त्रांच्या निषेधार्थ दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन येथे पायी जाऊ इच्छिणाऱ्या सतीशकुमार व ई. पी. मेनन या दोघा तरुणांना पैसा बरोबर न नेण्याचा सल्ला दिला. पैसा असला की माणूस खाणावळ व निवारा विकत घेतो. नसला की त्याला दार ठोठवावे लागते आणि बोलावे लागते, अशी त्यामागील भूमिका होती. ते दोघे चालत गेले, अंगठा दाखवीत गेले नाहीत; पण यांत्रिक युगातील हिच-हायकिंगचे तत्त्व यापेक्षा नेमक्या रीतीने मांडता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर युरोपविषयीच्या मराठी प्रवासवर्णनांच्या मुख्य प्रवाहाकडे पाहिले म्हणजे एक उणीव जाणवते. बडोद्याचा युरोपशी संबंध महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या १८८७ सालच्या पहिल्या यात्रेपासूनचा. पुढील परदेशप्रवासांतून त्यांनी ग्रंथालयाची कल्पना आणली, १९१० साली बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ती रुजविली. त्या प्रवासांचे फळ आम्ही आजही भोगीत आहो. पण लवाजम्यासह निघालेला राजा आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला तरुण ही प्रवासाची दोन टोके होत, आणि मराठी लेखक सामान्यतः या दोहोंच्या मध्ये, तिकीट काढलेल्या सभ्य गृहस्थाच्या जागी राहिला आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) घ्या किंवा पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) घ्या. पहिल्यातील वृत्ती बुद्धिवादी निरीक्षकाची आहे, तर दुसऱ्यात विस्मयाने व विनोदाने भारलेले मन आहे. दोन्ही पुस्तके आपापल्या परीने श्रेष्ठ आहेत; ‘अपूर्वाई’ने तर मराठी प्रवासवर्णनाला घरोघर नेले. परंतु या पुस्तकांतील युरोप निवेदकाला काही देणे लागत नाही आणि निवेदकही युरोपीय माणसाच्या हाती आपला जीव देत नाही. त्यामुळे तेथील माणसे मार्मिक चित्रे होऊन येतात. निवेदकाच्या भवितव्यावर अधिकार असलेली पात्रे होऊन येत नाहीत. पुढे अनुकरणकर्त्यांच्या हाती विस्मय व विनोद हे दोन्ही गुण झिजले आणि उरली ती स्थळांची जंत्री, याचे मूळ आम्हाला येथे दिसते.

तर मग मराठी लेखकाने युरोपात जाऊन अंगठा दाखवावा, एवढाच आमचा सल्ला आहे काय? तसा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. या प्रवासाचा धोका लाभापासून निराळा काढता येत नाही. ज्या एका कृतीने परक्याचे घर उघडते, त्याच कृतीने परक्याच्या हाती आपला गळाही जातो. मार्च २००८ मध्ये पिप्पा बाक्का ही इटालियन कलावती वधूचा शुभ्र वेष परिधान करून मिलानहून जेरुसलेमकडे निघाली. परक्या माणसावर विश्वास टाकला तर तो सार्थ ठरतो, हे लोकांच्या गाड्यांतून प्रवास करून दाखवावे असा तिचा संकल्प होता. तो प्रवास हीच तिची कलाकृती होती. इस्तंबूलला ती सोबतिणीपासून वेगळी झाली आणि गेब्झेजवळ, जिने तिला गाडीत घेतले त्या माणसुकीच्याच आशेवर विसंबून, बलात्काराला व खुनाला बळी पडली. तिच्याआधी ज्या अनेकांनी तिला सुखरूप पोहोचविले, त्यांचा चांगुलपणा या एका घटनेने खोटा ठरत नाही. पण अशा प्रवासाची पुस्तके वाचताना एक गोष्ट कधीही विसरता कामा नये, की परत आलेलाच लिहितो. जग चांगले आहे हा त्या पुस्तकांचा निष्कर्ष त्यामुळे नेहमीच थोडा एकतर्फी असतो, आणि टीकाकाराने तो तसा धरूनच चालले पाहिजे.

याचनेच्या दुसऱ्या बाजूची साक्ष मराठी स्त्रीनेच देऊन ठेविली आहे. पंडिता रमाबाईंचे बालपण व तारुण्य अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कुटुंबाबरोबर देशभर पायी हिंडण्यात गेले. पुराण सांगावे, श्रोत्यांनी देतील त्यावर राहावे, हा त्यांचा क्रम होता. म्हणजे तेथेही भाडे गोष्टीचेच होते. दुष्काळ आला तेव्हा हे भाडे कोणी घेईना. आईवडील व बहीण गेली, भावाबरोबर चालत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी त्या भ्रमंतीला रम्यतेचा लेशही लावला नाही. १८८३ च्या ‘इंग्लंडचा प्रवास’ या पत्रातील आणि १८८९ च्या अमेरिकेवरील ग्रंथातील त्यांची दृष्टी इतकी जागरूक आहे, याचे कारण आमच्या मते हेच की परक्याच्या दयेवर जगणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. निवडलेली याचना आणि ओढवलेली याचना यांतील भेद जो लेखक ओळखत नाही, त्याचे साहस वाचकाला पोरकट वाटू लागते.

हा भेद आजच्या तरुणालाही लागू आहे. दांडिया बाजार व रावपुऱ्याकडून सुभानपुऱ्याच्या सोसायट्यांत आलेल्या मराठी घरांतील मुले शिक्षणासाठी जर्मनीत व अन्यत्र जातात. त्यांना भेटावयास जाणाऱ्या आईवडिलांना शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे, खर्चाच्या तरतुदीची कागदपत्रे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. उद्या रात्री कोठे निजणार हे ठाऊक नसणे, हा तर हिच-हायकिंगचा आत्मा. आणि तेच नेमके आमच्या पासपोर्टाला परवडत नाही. शिवाय कडेला उभ्या असलेल्या सावळ्या तरुणासाठी आणि तेथीलच गोऱ्या विद्यार्थ्यासाठी गाडी सारख्याच तत्परतेने थांबेल, असे कोण म्हणेल? त्या प्रवासाची मुक्तता सर्वांना सारखी मिळत नाही. मराठी लेखक ही विषमता अंगावर घेऊन लिहील तर ते पुस्तक युरोपीय लेखकाला लिहिता न येणारे होईल.

समाजाने धोका वाटून घेतला तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण पोलंडने दिले आहे. तेथे १९५७ पासून पुढे अनेक दशके अशा प्रवाशांना नोंदवही व विमा मिळे; वहीतील कुपने अंतराच्या हिशेबाने चालकाला द्यावयाची आणि चालकांसाठी त्यांवर बक्षिसांची सोडत निघावयाची. योजना सोयीची खरी. तिने धोका कमी केला, पण संपविला नाही. नर्मदेच्या परिक्रमेने निराळी वाट काढली होती. चांदोद, कर्नाळी, माळसर या आमच्या जवळच्या तीर्थांवरून जाणाऱ्या सुमारे २,६०० किलोमीटरांच्या त्या वाटेवर सदावर्त मिळणे जसे गृहीत होते, तसेच शूलपाणीच्या झाडीत लुटले जाणेही गृहीत होते. ती झाडी आता बहुतांशी सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीचे बळ हेच, की तिच्यात अन्न देणारा आणि वस्त्र हिरावून घेणारा या दोघांनाही एकाच वाटेवर जागा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रवासवर्णनाची कसोटी कापलेले अंतर किंवा पाहिलेली स्थळे ही नव्हे, तसेच सोसलेले कष्टही नव्हेत. निवेदकाने परक्या माणसाला आपल्यावर कितपत अधिकार चालवू दिला, आणि त्या अधिकाराचे चित्रण कृतज्ञतेचा पूर व शौर्याचा आव या दोन्ही दोषांपासून दूर राहून कितपत केले, ही ती कसोटी होय. या कसोटीवर विमानाने गेलेल्याचे पुस्तकही उतरू शकेल आणि वर्षभर अंगठा दाखवीत हिंडलेल्याचे पुस्तकही फसू शकेल. गोडशांची कावड, रमाबाईंची पोथी आणि कालेलकरांची झोळी ज्या वाङ्मयाच्या पदरी आहे, त्याला ही कसोटी जड वाटण्याचे कारण नाही.

— सुभानपुरा, बडोदे