टस्कनीचा आस्वाद आणि ओस पडलेली शेते : ‘अंडर द टस्कन सन’ – एक पुनर्विचार

फ्रान्सिस मेज या अमेरिकन कवयित्री व अध्यापिकेचे ‘अंडर द टस्कन सन’ हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. इटलीतील कोर्तोना गावाजवळचे ‘ब्रामासोले’ हे वर्षानुवर्षे रिकामे पडलेले घर विकत घेऊन त्याची केलेली डागडुजी, तिथला बाजार, स्वयंपाक, वाइन आणि आसपासची भटकंती हा त्याचा विषय. प्रवासवर्णनात मध्येच पाककृती येतात, हे या पुस्तकाचे रचनावैशिष्ट्य होय. ग्रामीण इटलीच्या आस्वादाचे जे चित्र पुढे जगभर रूढ झाले, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्या चित्रात काय गाळले गेले, हे तपासणे आवश्यक ठरते.

टस्कनीतील शेती शतकानुशतके ‘मेत्साद्रिया’ पद्धतीने चाले. आपल्याकडील अर्धेलीशी तिचे साम्य आहे : जमीन व घर मालकाचे, राबणारे हात कुळाच्या कुटुंबाचे, आणि पीक निम्मे-निम्मे. धान्य, ऑलिव्ह, द्राक्षे यांची एकाच शेतात मिश्र लागवड होई. ज्या ब्रोलिओच्या बेत्तीनो रिकासोली यांनी १८७२ साली कियान्ती वाइनच्या मिश्रणाचे सूत्र मांडले, ते इटलीचे माजी पंतप्रधान आणि बडे जमीनदार होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे वळली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी घातली. डोंगरउतारावरील असंख्य शेतघरे ओस पडली. परदेशी ग्राहकाला मोहविणारी टस्कनीतील जुनी घरे बाजारात आली, त्यामागे हे स्थलांतर आहे.

खाद्यपदार्थही हीच साक्ष देतात. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, घेवड्याच्या बिया आणि काळसर कोबी यांचे पुन्हा उकळलेले सूप. पान्त्सानेल्ला म्हणजे भिजवलेल्या शिळ्या पावाची टोमॅटो-कांदा घातलेली कोशिंबीर. पाव वाया जाऊ न देणाऱ्या घरांतील हे अन्न आहे. (टस्कनीचा पाव मुळातच अळणी, नवख्या पाहुण्याची पहिली तक्रार बहुधा हीच.) मेज यांची जीभ चोखंदळ आहे, त्यांचे वर्णन रसरशीत आहे, परंतु साधेपणा त्यांना प्रामुख्याने सौंदर्यमूल्य म्हणून जाणवतो. तो टंचाईतून आला, ही जाणीव वर्णनाच्या कडेला राहते.

तथापि पुस्तकाला केवळ श्रीमंत पर्यटकाची हौस म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. काटेरी झुडपांनी वेढलेले ऑलिव्हचे टप्पे मोकळे करणे, फळे हाताने तोडणे, ही प्रकरणे त्यातील सर्वांत सकस आहेत. तिथे चव श्रमाला जोडली जाते. ढासळलेली दगडी भिंत बांधायला पोलंडचे कामगार येतात, तेव्हा तर लेखिकेच्या नकळत इतिहासच पानावर उतरतो : कुळे गेली, आणि त्यांनी सोडलेले काम दुसऱ्या देशातील स्थलांतरितांच्या हाती आले.

१९८५ साली इटलीने कृषिपर्यटनाचा कायदा केला. त्यात पाहुणचार हा शेतकऱ्याचा जोडधंदा मानला होता आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा, अशी अट होती. तिथे यजमान शेतकरी असतो; मेज यांच्या पुस्तकात यजमानपद नव्या मालकिणीकडे आहे. या फरकाकडे समीक्षेने पुरेसे लक्ष द्यायला हवे. ऑड्री वेल्स यांच्या २००३ च्या चित्रपटात घटस्फोटित नायिकेची कथा रचली गेली. तिथे तरुण पोलिश कामगाराच्या वाट्याला एक प्रेमकथा आली. त्याच्या मजुरीचा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.