मातीच्या पाट्यांचे दप्तर

ग्रीक भाषेचा गंध नसलेल्या वाचकालाही ज्यांची गोडी लागावी अशी प्राचीन ग्रीसविषयक पुस्तके थोडी आहेत. जॉन चॅडविक यांचे ‘द डिसायफरमेंट ऑफ लिनिअर बी’ हे त्यांपैकी एक होय. केंब्रिज विद्यापीठाने १९५८ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. आज इतक्या वर्षांनंतरही या विषयाकडे वळणाऱ्याच्या हाती प्रथम हेच पुस्तक दिले जाते, आणि ते योग्यही आहे. आकाराने लहान, भाषेने स्वच्छ आणि विद्वत्तेचा बडेजाव न मिरविणारे असे हे लेखन आहे. तथापि ज्या ग्रंथाने एखाद्या शोधाची कथा जगाला सांगितली, त्या ग्रंथाने ती कोणत्या क्रमाने सांगितली, कोणाला अग्रपूजेचा मान दिला आणि कोणाला ओसरीवर बसविले, हेही पाहिले पाहिजे. सरकारी कचेरीत नोंदी ठेवण्यात ज्यांचा दिवस जातो अशा आमच्यासारख्यांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा वाटतो. कारण या ग्रंथाचा विषय म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारकुनांचे दप्तर आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९०० साली आर्थर एव्हान्स यांनी क्रीट बेटावर नॉसॉस येथे उत्खनन सुरू केले आणि तेथील राजवाड्यात त्यांना लेखांकित मातीच्या पाट्या सापडल्या. पाट्यांवरील लिपीचे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. त्यांपैकी जुन्या प्रकाराला ‘लिनिअर ए’ आणि नंतरच्या प्रकाराला ‘लिनिअर बी’ अशी नावे पडली. पुढे १९३९ साली ग्रीसच्या मुख्य भूमीवर पायलॉस येथे कार्ल ब्लेगेन यांना उत्खननाच्या पहिल्याच दिवशी या दुसऱ्या लिपीतील पाट्यांचा साठा गवसला. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने त्या पाट्यांची भाषा ग्रीक असल्याचे दाखवून दिले. होमरच्या काव्यांहून कित्येक शतके जुनी अशी ती ग्रीक होती. चॅडविक हे केंब्रिजचे भाषाशास्त्रज्ञ त्याच वर्षी व्हेंट्रिसला येऊन मिळाले, आणि १९५३ साली दोघांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. १९५६ च्या सप्टेंबरात मोटार अपघातात व्हेंट्रिसचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते. प्रस्तुत ग्रंथ म्हणजे एका सहकाऱ्याने दिवंगत मित्राला वाहिलेली आदरांजलीही आहे, ही गोष्ट त्याचे गुणदोष पारखताना विसरून चालणार नाही.

ग्रंथाचे पहिलेच प्रकरण व्हेंट्रिसच्या चरित्राचे आहे. चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने १९३६ साली वृद्ध एव्हान्स यांचे व्याख्यान ऐकले आणि ही लिपी वाचण्याचा ध्यास घेतला, तो सोळा वर्षांनी पूर्ण झाला. कथा म्हणून याहून सुरेख आरंभ कोणता असणार? परंतु या आरंभामुळे पुढील सर्व हकीकतीला एका नायकाच्या आख्यानाचे रूप येते. ॲलिस कोबर या अमेरिकन विदुषीचे कार्य वाचकाला भेटते ते तिसऱ्या प्रकरणात, आणि त्या प्रकरणाचे शीर्षक आहे ‘आशा आणि अपयशे’! चॅडविक तिच्याविषयी आदराने लिहितात, उलगड्याची वाट तिने तयार केली असेही मान्य करतात. असे असूनही तिची जागा मात्र फसलेल्या प्रयत्नांच्या रांगेतच राहते. आमच्या मते ग्रंथाच्या मांडणीतील हा उणेपणा केवळ मानपानाचा नाही. त्यामुळे शोध कसा लागतो याविषयीच वाचकाची समजूत वाकडी होते.

कोबरने नेमके काय केले ते मराठी उदाहरणाने सांगता येईल. ‘बोलतो, बोलते, बोलता’ हे शब्द घ्या. आपल्या लिपीत ‘त’ हे अक्षर कायम राहते आणि मात्रा तेवढी बदलते. आता अशी कल्पना करा की ‘तो’, ‘ते’ आणि ‘ता’ यांसाठी एकमेकांशी काडीचेही साम्य नसलेली तीन स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि त्यांचा उच्चार आपणांस ठाऊक नाही. तरीही एकाच शब्दाच्या शेवटी ही तीन चिन्हे आलटून पालटून येतात, असे शेकडो ठिकाणी दिसले, तर त्यांत एक समान व्यंजन दडले आहे आणि स्वर तेवढा निराळा आहे, असा तर्क करता येतो. पुढे ‘जातो–जाते’ आणि ‘गेलो–गेले’ या जोड्या शेजारी ठेवल्या की ‘तो’ आणि ‘लो’ यांत स्वर समान असावा, असेही अनुमान निघते. उच्चार एकाचाही माहीत नाही, पण नाती ठरली! कोबरने १९४५ ते १९४८ या काळातील आपल्या निबंधांत या अज्ञात भाषेतील शब्दांना विभक्तीसारखे विकार होतात हे सिद्ध केले, आणि काही चिन्हांची अशी नाती बसवून दाखविली. पुढे व्हेंट्रिसने जे कोष्टक रचले, त्याचा पाया हाच होय.

हे काम तिने कसे केले? ब्रुकलिनच्या महाविद्यालयात दिवसभर अध्यापन करून उरलेल्या वेळात तिने प्रत्येक चिन्हाच्या प्रत्येक स्थानाची टिपणे केली. महायुद्धामुळे कागद दुर्मिळ होता, म्हणून मिळेल त्या कागदाचे तुकडे कापून तिने चिठ्ठ्या केल्या आणि त्या सिगारेटच्या खोक्यांतून लावून ठेवल्या. त्यांची संख्या सुमारे १,८०,००० भरते. १९५० च्या मे महिन्यात, त्रेचाळिसाव्या वर्षी, उलगड्याला दोन वर्षे उरली असताना ती वारली. तिची ही कागदपत्रे अभ्यासून मार्गालिट फॉक्स यांनी २०१३ साली ‘द रिडल ऑफ द लॅबिरिंथ’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे सामान्य वाचकाला तिच्या श्रमांचे माप कळले.

परंतु एका अन्यायाचे परिमार्जन करताना दुसरा अन्याय होऊ नये. केवळ चिठ्ठ्या लावून लिपी वाचली जात नाही. पुरेसा पुरावा जमेपर्यंत कोणत्याही चिन्हाला उच्चार चिकटवावयाचा नाही, असा कोबरचा कडक नियम होता. व्हेंट्रिसने विद्वानांकडे प्रश्नावली पाठविली, तेव्हा अशा तर्कवितर्कांत वेळ घालविणे व्यर्थ आहे, असे तिने त्याला रोखठोक कळविले होते. हा संयम तिचे बळ होता तशीच तिची मर्यादाही. काही गट क्रीटमधील गावांच्या नावांचे असावेत, असे धरून पाहण्याचे धाडस व्हेंट्रिसने केले. त्याबरोबर अम्निसॉस, नॉसॉस, टुलिसॉस ही नावे उभी राहिली आणि पाठोपाठ ग्रीक शब्द दिसू लागले. विशेष हे की, ही भाषा एट्रुस्कन भाषेशी संबंधित असावी, असे तो स्वतः अनेक वर्षे मानीत आला होता. १९५२ च्या जूनमधील टिपणात त्याने ग्रीकची शंका मांडली तीही विषयांतर म्हणून. पुराव्याने आपल्याच आवडत्या मताला उलथून टाकले असता त्याला वाट करून देणे, हा त्याचा खरा मोठेपणा. चॅडविक यांनी तो उत्तम दाखविला आहे, आणि त्यांच्या ग्रंथातील ही प्रकरणे केव्हाही वाचावीत अशी आहेत.

जेथे चॅडविक फार सौम्य राहिले आहेत, असे आम्हांस वाटते, ती जागा एव्हान्स यांची आहे. नॉसॉसच्या पाट्या १९०० पासून निघू लागल्या आणि त्यांचा मुख्य संग्रह छापून बाहेर पडला तो १९५२ साली, एव्हान्स यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी! मधल्या अर्धशतकात थोड्याशा पाट्यांवर जगातील विद्वानांनी आपली बुद्धी घासली. कोबरला ऑक्सफर्डला जाऊन हाताने नकला कराव्या लागल्या. उलट पायलॉसच्या पाट्या युद्धाचा काळ मध्ये येऊनही एमेट बेनेट यांनी १९५१ साली, म्हणजे बारा वर्षांत, प्रकाशित केल्या. लिपी वाचावयास बावन्न वर्षे लागली ती तिच्या दुर्बोधतेमुळे किती आणि कुलूपबंद कपाटामुळे किती, याचा हिशेब ग्रंथकाराने अधिक स्पष्टपणे मांडावयास हवा होता. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सरदेसायांच्या संपादकत्वाखाली निघावयास १९३० नंतरची वर्षे उजाडावी लागली, आणि तत्पूर्वी राजवाड्यांना घरोघर, गावोगाव हिंडून साधने गोळा करावी लागली, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला या हिशेबाचे महत्त्व सांगावयास नको.

आता खुद्द पाट्यांकडे वळू. त्या वाचल्या गेल्या तेव्हा अनेकांची निराशा झाली. त्यांत काव्य नव्हते, इतिहास नव्हता, एखादे पत्रही नव्हते. होत्या त्या केवळ याद्या. मेंढ्या किती, लोकर किती, कामकरी बायकांना गहू आणि अंजिरे किती, रथांची चाके किती, कोणत्या देवाला तेल किती. पायलॉसच्या एका पाटीवर तिवयांची मोजदाद आहे. एक तिवई क्रीटच्या घडणीची, पण पाय जळून गेलेली. पुढे भांडी: चार कानांचे, तीन कानांचे, बिनकानांचे. आपल्या कचेरीतील ‘डेड स्टॉक रजिस्टर’ ज्याने एकदा तरी तपासले आहे, त्याला ही भाषा ओळखीची वाटेल. ही पाटी ब्लेगेन यांनी १९५३ साली नव्या वाचनाने लावून पाहिली. शब्दांत तीन कान निघाले आणि शेजारच्या चित्रातही तीन कान दिसले, तेव्हा शंकेखोरांपैकी बहुतेकांचे समाधान झाले. व्हेंट्रिसच्या प्रतिभेला साक्ष मिळाली ती एका नोंदणी-कारकुनाच्या काटेकोरपणाची!

या याद्या रूक्ष म्हणून बाजूस सारणे म्हणजे माणसांनाच बाजूस सारणे होय. नॉसॉसच्या कारकुनाने बैलांच्या जोड्या नुसत्या मोजल्या नाहीत, तर बैलांची नावेही लिहून ठेवली. त्यांत एक ‘काळ्या’ आहे आणि एक ‘कवड्या’ म्हणावा असा ठिपक्यांचा आहे. पायलॉसच्या कामकरी स्त्रियांच्या नोंदीत त्यांच्या मुलाबाळांची संख्या आहे, आणि लेम्नॉस, क्निडॉस, मिलेटस अशा समुद्रापलीकडच्या गावांवरून त्यांना पडलेली नावे आहेत. या बायका कशा आल्या असतील हे पाटी सांगत नाही. पण त्या आपल्या मुलखात नव्हत्या आणि शिध्यावर राहत होत्या, एवढे कळते. एरिथा नावाची पुजारीण म्हणते की आपली जमीन देवीची आहे; गावकी म्हणते, नाही, ती साध्या खंडाची आहे. कारकुनाने दोन्ही पक्ष नोंदविले आणि निर्णय लिहिला नाही, कारण तो त्याच्या अधिकारात नव्हता. होमरच्या महाकाव्यांत राजे बोलतात. एरिथाची तक्रार ऐकण्यासाठी मातीची पाटीच हवी.

आणि या पाट्या टिकल्या त्याही अपघाताने. त्या भाजलेल्या नव्हत्या. वर्ष संपले की माती भिजवून पुन्हा वापरावयाची, अशी त्यांची योजना असावी. म्हणून त्यांत ‘या वर्षी’, ‘गेल्या वर्षी’ असे उल्लेख येतात, पण वर्षाचा आकडा कोठेच नाही. इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास पायलॉसचा राजवाडा जळाला, तेव्हा त्या आगीत त्या भाजून निघाल्या. आज आपण वाचतो ते त्या राज्याच्या अखेरच्या वर्षाचे कच्चे दप्तर आहे. लिहिणारांपैकी एकानेही आपले नाव घातलेले नाही. अक्षराच्या वळणावरून संशोधकांनी पुढे अनेक हात वेगळे ओळखले आहेत, पण ते हातच राहिले. पाट्यांतून उभ्या राहणाऱ्या या जगाला प्रस्तुत ग्रंथात एकच प्रकरण मिळाले आहे. चॅडविक यांना स्वतःलाच ती उणीव जाणवली असावी, कारण १९७६ साली त्यांनी ‘द मायसीनिअन वर्ल्ड’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहून ती बऱ्याच अंशी भरून काढली.

या ग्रंथापासून भारतीय वाचकाने घ्यावयाचा बोध सिंधू लिपीच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. ती लिपी आपण वाचली, असे सांगणारे अधूनमधून पुढे येतात. द्विभाषी लेख नसताना लिपी वाचता येते, हे व्हेंट्रिसने दाखविले खरे; पण त्यासाठी हजारो पाट्या, शब्दांचे विकार ओळखता येतील इतका मजकूर आणि पडताळ्यासाठी नवा लेख लागतो, हेही त्याच कथेचे तात्पर्य आहे. सिंधू लेखांत सरासरी पाचच चिन्हे असतात. अशा स्थितीत इरावतम् महादेवन यांनी १९७७ साली तयार केलेली सिंधू लेखांची सूची आणि कोष्टके ही अनेक झगमगीत वाचनांहून मोलाची आहेत, असे आम्ही मानतो. महादेवन हे भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी होते, हे परप्रांती बदलीवर असणाऱ्या आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. त्यांची स्वतःची वाचने पुढे टिकोत वा न टिकोत. ती खोडून काढणारालाही त्यांचीच कोष्टके उघडावी लागतील.

एकंदरीत चॅडविक यांचा हा ग्रंथ संग्रही असावा असाच आहे. फक्त तो वाचताना क्रम थोडा बदलावा, असे आम्ही सुचवू. प्रथम अखेरीकडील मायसीनी जीवनावरचे प्रकरण वाचावे, म्हणजे हे दप्तर कोणाचे ते कळेल. मग ज्या प्रकरणाला ‘अपयशे’ असे नाव आहे ते सावकाश वाचावे. त्यानंतर व्हेंट्रिसकडे यावे. त्याचे यश या क्रमाने किंचितही उणावत नाही. ते कोणाच्या खांद्यांवर उभे होते, एवढे मात्र स्पष्ट दिसते.